कै., मु. पो. हदगाव

व्यंकटमामा कुणाकडे पाणी मागत नसत. समोर ठेवलं तर पीत, नाही ठेवलं तर तसेच बसत. मे महिन्यात लातूरच्या बाजारपेठेतून, गंजगोलाईतून, उन्हात चालत आलेला माणूस, बोलताना जीभ टाळूला चिकटायची, पण ‘जरा पानी दे गं’ एवढे शब्द काही तोंडून निघायचे नाहीत. त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले तेव्हा मला वाटलं, म्हातारा मानी आहे. मग वाटलं, काहीतरी सोवळंओवळं असेल. आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दुसऱ्याच्या घरचं पाणी मागणं ही तशीही जरा जड गोष्ट. खरं कारण कळायला मला चार वर्षं लागली.

मी देगलूरची. लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आले ती दोन वर्षांसाठी, आणि अजून इथंच आहे. तेव्हा आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर ‘मुलींसाठी रूम मिळेल’ अशी पाटी होती. आता पाटी नसलेलं घर शोधावं लागेल. मामांनीही खालच्या तीन खोल्या मुलींना दिल्या होत्या. उरलेल्या दोनांत ते आणि सुमनमामी. मूलबाळ नव्हतं. मामा मला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणत आणि पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत. “मॅडम, जेवलीस का गं? का आज बी नुसतं मॅगी?” असं जिन्याखालून विचारत, आणि वरून उत्तर आलं नाही तर दहा मिनिटांत मामी भाकरी घेऊन वर येत.

आयुष्यभर त्यांनी पोस्टमनकी केली होती, औसा-निलंगा भागातल्या खेड्यांत, सायकलवर. नोकरी संपली पण पोस्ट अंगातून गेलं नाही. खोल्यांतल्या मुलींनी त्यांना स्मार्टफोन शिकवला तेव्हा त्यांनी प्रत्येक नंबर पत्त्यासकट साठवला. ‘बालाजी टेलर, मु. पो. अहमदपूर.’ ‘गॅसवाला, लातूर शहर.’ माझं नाव ‘मॅडम, वरचा मजला.’ मी हसले, तर म्हणाले, “नुसत्या नावाला काय अर्थ हाय? या जिल्ह्यात बालाजी किती हायेत, मोज बरं. पत्त्याबिगर मानूस म्हंजी बेवारस पार्सल.” जिथं म्हणून शब्द तोडता येईल तिथं ते तोडत. मु., पो., ता., जि., चि., सौ. कार्डावर जागा कमी असायची त्या काळाची सवय, फोनमध्ये जागाच जागा असूनही सुटली नाही.

नोव्हेंबर आला की गल्लीतले सगळे पेन्शनर त्यांच्या ओट्यावर जमत. हयातीचा दाखला आता फोनवर होतो. कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं आणि डोळे मिचकावायचे. मामा एकेकाला खुर्चीत बसवून फोटो काढत आणि म्हणत, “हालली पापनी. सरकारच्या लेखी तू आजून एक साल जित्ता हाईस. जा, च्या पी.”

पाण्याची गोष्ट कळली ती प्रणितामुळे. ती अहमदपूरची, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी, मामांच्या मधल्या खोलीत राहायची. एका सकाळी मी क्लासला निघाले होते आणि ती ओट्यावर आली, हातात फोन, दात घासून झालेले, तोंड तसंच ओलं. फोनवर तिच्या चुलतभावाचं स्टेटस होतं. तिच्या वडिलांचा फोटो, फोटोभोवती झेंडूची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. घरून कुणाचा फोन आला नव्हता. परीक्षा तोंडावर म्हणून पोरीला कसं सांगायचं याचा घरात खल चालला होता, आणि तेवढ्यात त्या पोरानं स्टेटस टाकून दिलं होतं. तिनं फोन मामांसमोर धरला आणि विचारलं, “मामा, हे खरं हाय का?”

मामांनी फोन बघितला. मग म्हणाले, “प्रणिता, मला जरा पानी दे.”

मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. पोर आत गेली, तांब्या भरून आणला. “बस इथं,” म्हणाले. ती बसली. मामांनी तिच्या घरी फोन लावला, खात्री केली, ती वडिलांना ज्या नावानं हाक मारायची ते नाव घेऊन सांगितलं, “पोरी, दादा गेले. पहाटं. खरं हाय.” आणि तोच तांब्या तिच्या हातात दिला. त्यातला एक घोटही ते स्वतः प्यायले नव्हते. मग मामी तिला घेऊन एसटीनं अहमदपूरला गेल्या.

संध्याकाळी मामांनी त्या चुलतभावाला फोन केला. मला वाटलं, आता शिव्या ऐकायला मिळणार. तसं काही झालं नाही. “बाळा, तू टाकलंस,” ते म्हणाले. “मरन टाकायचं नसतंय, सांगायचं असतंय.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मग मला सांगत बसले.

पूर्वी मयताचं कार्ड यायचं तेव्हा त्याचा कोपरा फाडलेला असायचा. कोपरा बघितला की अक्षर न वाचणाऱ्यालाही कळायचं. असं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. मामांच्या भागात निम्म्या घरांत वाचणारं कुणी नव्हतं, म्हणजे कार्ड द्यायचंही त्यांनीच आणि वाचायचंही त्यांनीच. नवीन नोकरी होती तेव्हा त्यांनी एका बाईला दारात उभ्या उभ्या वाचून दाखवलं आणि ती उंबऱ्यावर कोसळली, कपाळाला खोक पडली. तेव्हापासून त्यांनी एक युक्ती काढली. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड असलं की दारात जाऊन आधी म्हणायचे, “मला जरा पानी द्या.” माणूस आत जातो, पाणी घेऊन येतो, पाहुणा पाणी पितोय म्हणून टेकतो. बसलेला असतो, आणि हाताशी पाणी असतं. मग सांगायचं.

“पन गावं शानी असत्यात,” मामा म्हणाले. “सा महिन्यात समद्यायला कळलं. पोस्टमननं पानी मागितलं की बाया रडायला लागायच्या. मग काय, उन्हानं जीव जायची येळ आली तरी पानी मागता येईना. नुसतं तहान लागली म्हनून मागावं, तर आख्ख्या गल्लीचा जीव टांगनीला.”

भूकंपाचं ते फार बोलत नसत. एकदाच बोलले, तेही मी खोदून विचारलं म्हणून. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे गावं खाली बसली. मामा तेव्हा जवळच्या बाजाराच्या गावात पत्र्याच्या खोलीत राहत होते, म्हणून वाचले. त्यांच्या वाटेवरच्या गावांत घरं राहिली नाहीत, पण पत्रं येत राहिली. आधी टाकलेली पत्रं, त्यांना काय माहीत. ताडपत्रीखाली बसून मामांनी पत्र पाठवणाऱ्या एकेकाला उलट कार्ड लिहिलं, कारण ‘मालक मयत’, म्हणजे पत्र घेणारा गेला, असा शेरा मारून पत्र परत धाडायला त्यांचा हात वळेना. कोपरे फाडून फाडून शेजारी ढीग झाला होता.

“त्यातच एक पोरगा आला,” ते म्हणाले. “दूर कापसाच्या जिनिंगवर कामाला व्हता. त्याच्या मायला मीच त्याची पत्रं वाचून दाखवायचो, तिची मीच लिहायचो. तीनशे-चारशे लोक इकडून तिकडं पळायलेत, मी बी पळायलोय, आन हा पुढ्यात आला. ‘मामा, माय कुठाय?’ मी म्हनलं, ‘गेली रे,’ आन तसाच पुढं गेलो. उभ्या उभ्या. पानी मागितलं न्हाई. गावात पानी व्हतंच कुठं. पन म्हनून काय झालं, मॅडम? हात धरून बसवता तर आलं असतं.”

दर वर्षी भूकंपाच्या तारखेला, सप्टेंबरच्या शेवटी, मामा पहिल्या गाडीनं गावाकडं जात आणि संध्याकाळी परत येत. येताना हातात सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाची पिशवी. मामी वर्षभर त्याच्या वाती करत. मामी गेल्यावरही पिशवी यायची थांबली नाही. कपाट कापसानं भरून गेलं होतं. कुणी दिला, असं मी कधी विचारलं नाही. भाडेकरूनं किती चौकशा कराव्यात.

सुमनमामी गेल्या तेव्हा मामांनी आठवडाभर एकच काम केलं. मामींच्या फोनमधल्या प्रत्येक नंबराला स्वतः फोन केला. भाजीवाली, भिशीच्या बाया, माहेरची माणसं. प्रत्येकाला आधी विचारत, “कुठं हाईस? गाडीवर न्हाईस न्हवं? बस आधी.” फोनवर पाणी मागता येत नाही ही फोनची मोठी खोट आहे, असं त्यांचं मत होतं. यादी संपली तरी मामींची एक बालमैत्रीण उरली होती, तिला ऐकू येत नव्हतं. मामा तिच्याकडं उदगीरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी आपल्या फोनमध्ये ‘सौ. सुमन’ उघडलं, ‘सौ.’ पुसलं आणि ‘कै.’ लिहिलं. मामींना जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता.

“इतक्या दिवसांनी?” मी विचारलं.

“ज्याला खबर न्हाई, त्याच्या लेखी मानूस जितंच असतंय. उदगीरची म्हातारी काल सकाळपोतर सुमनला मनात धरून बसली व्हती. मग मी कोन आदुगर कै. लावनार? शेवटच्याला कळलं की लावायचं.”

नाव त्यांनी पुसलं नाही. मेलेल्या कुणाचंच पुसत नसत. पण मामींचा नंबर बंद केला होता, आणि काही महिन्यांनी कंपनीनं तो दुसऱ्याला देऊन टाकला. एक दिवस ‘कै. सुमन’ या नावापुढं काळा चष्मा लावून मोटारसायकलवर बसलेल्या एका पोराचा फोटो दिसायला लागला. मला हसू आवरेना. मामांनी शांतपणे त्याला फोन लावला. “बाबा, हा नंबर आमच्या मंडळीचा व्हता. कुनाचा फोन आला तर चिडू नको. वारल्या म्हनून सांग, पन हळू सांग.” त्या पोरानं खरोखर वर्षभर असे फोन घेतले. मामांनी त्यालाही साठवून ठेवलं: ‘सुमनचा नंबरवाला, मु. पो. चाकूर.’

यानंतर गल्लीत, मग गल्लीबाहेर, कुणी गेलं की माणसं त्या माणसाचा फोन घेऊन मामांकडं यायला लागली. घरच्यांना घाई असायची. बँक, गॅस, पेन्शन, फेसबुक, काय काय बंद करायचं असतं. एकजण तर तेराव्याच्या आधीच सिम मोडून आला होता आणि आता कुठल्याच खात्याचा ओटीपी येईना म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. मामांचा क्रम ठरलेला. आधी माणसं, मग खाती, सगळ्यांत शेवटी सिम. ग्रुपमधून त्या माणसाला काढायचं तर आधी ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या, कारण नुसतं ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ असं दिसलं तर लोकांना वाटतं रुसून गेला. “मेलेल्या मानसावर रुसव्याचा आळ कामून घ्यायचा?” असं ते म्हणत.

मला त्यांनी हे सगळं शिकवलं आणि एक दिवस आपला फोन उघडायची खूण दाखवली. नऊ टिंबांतली आठ जोडायची, वरच्या उजव्या कोपऱ्यातलं सोडायचं. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड. “माझ्या माघारी हे तुझ्याकडं,” ते म्हणाले. “पुतन्या खाती बघंल. मानसं तू बघायची. एक बी राहू द्यायचा न्हाई. आपल्याला कुनी सांगितलंच न्हाई, असं कुनाला वाटू द्यायचं न्हाई. दे वचन.” मी हसत हसत दिलं. शिक्षकी पेशात वचनं फार द्यावी लागतात, सवय असते.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मामा गेले. उपास सोडला, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षात माझा हात धरून बसले होते. दवाखान्याच्या दारात हात सैल पडला. मला वडील लहानपणापासूनच नव्हते. मामांना जाताना बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वडील जाणं म्हणजे काय.

अंत्यविधी पुतण्यानं केला. मी क्लासमधून पंधरा दिवस दुपारची सुटी मागून घेतली आणि कामाला बसले. मी व्यवस्थित बाई आहे. सगळे नंबर कागदावर उतरवले, ओळीनं फोन केले, झालं की हिरवी खूण. बालाजी टेलर फोनवर रडले आणि मामांचा सदरा शिवून तयार आहे म्हणाले. चाकूरच्या चष्मेवाल्या पोरानं विचारलं, “ताई, मामींचा एखादा फोन आलाच, तर आता मी कुनाला कळवू?” प्रणिता आता नांदेडला डॉक्टर आहे, तिला मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, “मॅडम, तुम्ही आधी बसायला सांगितलंत. मामा ना?”

कै. असलेली पंचवीस-तीस नावं होती. ती गेलेलीच माणसं, तिथं फोन कुठं करणार. त्यांच्यापुढं मी छोटी रेघ मारली. त्यांत एक नोंद विचित्र होती. ‘कै., मु. पो. हदगाव.’ नुसतं कै., पुढं नावच नाही. मला वाटलं, हे कुणीतरी फार जवळचं गेलेलं असणार, नाव लिहायलाही मामांचा हात धजावला नाही. मला उगीच गलबलून आलं. मी तिथंही रेघ मारली.

सगळं संपलं तेव्हा माझ्या फोनमधल्या ‘व्यंकटमामा’च्या आधी मी कै. लावलं. दोन महिन्यांत पुतण्यानं खाती मिटवली आणि सिम बंद केलं. वचन पाळलं म्हणून मला बरं वाटत होतं. पोरांना मी रोज सांगते, प्रश्न पूर्ण वाचा, अर्धा वाचून उत्तर लिहू नका. सांगायला काय जातं.

सप्टेंबर संपला आणि ऑक्टोबर लागला. पुतण्यानं घर तसंच चालू ठेवलं होतं आणि मुलींच्या खोल्यांची देखभाल माझ्याकडं होती. दुपारी मी खालच्या पायरीवर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पन्नाशीचा एक माणूस दारात आला. पांढरा सदरा, एसटीची धूळ, एका हातात कापडी पिशवी, खांद्याला अडकवलेली पाण्याची बाटली.

“व्यंकटमामाचं घर हेच का, ताई?”

“हो,” मी उठून उभी राहिले.

“हायेत का मामा? मी कैलास. हदगावहून आलो. दर सालाला आमची तिकडं गावात गाठ असती, औंदा ते आलेच न्हाईत. फोन लावला तर बाई म्हनती, हा नंबर अस्तित्वात न्हाई. दोन दिवस वाट पाह्यली, मग म्हनलं जाऊन बगावं. आजारी हायेत का काय?”

कापडी पिशवीच्या तोंडातून कापूस दिसत होता. कै., मु. पो. हदगाव. कैलास. माझ्यासमोर एक जिवंत माणूस उभा होता आणि मी त्याच्या नावापुढं रेघ मारली होती. मामांनी शिकवलेलं सगळं डोक्यातून गेलं आणि तोंडातून आलं ते एवढंच.

“मला जरा पाणी द्या.”

त्यांचा हात बाटलीकडं गेला. बाटली काढून त्यांनी माझ्यापुढं धरली, मी ती धरली, पण त्यांचा हात सुटेना. ते मामांच्या वाटेवरच्या त्या गावचे होते. ते लहान असताना मामांनी कुणाकुणाच्या दारात पाणी मागितलं होतं ते त्यांनी बघितलं होतं. मग हात सोडला, पिशवी बाजूला ठेवली आणि सावकाश पायरीवर बसले.

“बसलो, ताई,” ते म्हणाले. “आता सांगा.”

मी नाव घेऊन सांगितलं. “व्यंकटमामा गेले. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी.” आणि बाटली त्यांच्या हातात परत दिली. ते प्यायले. उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं, पण धुऊन काही उपयोग झाला नाही. पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

“दोन दिवस मी तिथं बसून त्यायला शिव्या घालून राह्यलो,” ते म्हणाले. “म्हनलं, म्हातारा विसरला.”

मी त्यांना सगळं कबूल केलं. मामांचा फोन आणून दाखवला, ती नोंद, माझा कागद, ती रेघ. ‘मला माफ करा,’ मी म्हणाले. मला वाटलं, हा माणूस चिडेल, आणि चिडायचा त्याला पूर्ण हक्क होता. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि त्या रडण्यातच त्यांना हसू आलं.

“कै. म्हंजी मीच की, ताई. माय पत्र सांगायची, मामा लिहायचे. मायचं बोलनं लई, आन कार्डावर जागा इवलीशी. मग मामा माझं नाव तोडायचे. ‘चि. कै. यास, तुझ्या मायचा आशीर्वाद.’ समदी कार्डं तशीच हायेत माझ्याकडं. माय गेल्यावर बी मामा मला कै.च म्हनायचे.”

मग आपणहूनच ते त्या दिवसाचं बोलले. “भूकंपात त्यायनं मला उभ्या उभ्या सांगितलं व्हतं. तीस साल झाले, दर साली गाठ पडली की पयलं बोलनं तेच. ‘कै., तुला बसवाया पायजे व्हतं रे.’ मी म्हनायचो, मामा, बसाया जागा तरी कुठं व्हती. पन ते काय ऐकायचे न्हाईत.” त्यांनी हातानं पायरी चाचपली. “आज बसवलं बगा तुमी.”

मी त्यांना वगळलं होतं, आणि त्या चुकीतून मामांचं तीस वर्षांचं एक राहिलेलं काम झालं होतं, यात माझं कर्तृत्व काडीचं नव्हतं. तरी मला मामांना हे सांगावंसं वाटलं. अजूनही वाटतं. त्यांना कळवायला नंबर नाही, एवढीच अडचण आहे.

मी माझा फोन काढला. सात महिन्यांपूर्वी मामांच्या नावाला लावलेलं कै. पुसलं. कैलासरावांनी विचारलं, हे काय करता, तर मी त्यांना मामांचा नियम सांगितला. शेवटच्या माणसाला कळेपर्यंत लावायचं नाही. मी घाई केली होती.

ते म्हणाले, “मग आता कुनी राह्यलं का?”

“नाही. तुम्हीच शेवटचे.”

“मग लावा की, ताई.” पिशवी उचलून मांडीवर घेत ते सरकले आणि शेजारी जागा केली. “पन बसून लावा.”

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि लावलं.